लिहून न घेतलेली तक्रार

पाणी खात्यात मीटर वाचणारी अकरा माणसं होती, त्यांत बाई एकच. तिला सगळे मीटरताई म्हणत. खांद्याला पिशवी, पिशवीत टॉर्च, काच पुसायचं फडकं, झाकण उचकटायला चपट्या तोंडाचा स्क्रू-ड्रायव्हर आणि बोटभर उरलेली पेन्सिल. रोज शंभर-सव्वाशे घरं. मी त्याच कचेरीत आत बसायचे आणि तिने आणलेले आकडे मशीनमध्ये भरायचे. वीस वर्षांची ओळख आमची. हल्ली लोक म्हणतात, तिच्या नाकावर राग असतो, दोन शब्द धड बोलत नाही. तो राग कुठून आला ते मला माहीत आहे. त्यातला थोडा माझ्यामुळे आहे, म्हणून हे सांगायला बसले.

आधी ती अशी नव्हती. दुपारी फेरी संपवून आली की डबा खाताना गिऱ्हाइकांच्या नकला करून हसवून मारायची. "काही करत नाही हो आमचा कुत्रा, असं मालक मला सांगतो. अरे बाबा, मला काय सांगतोस? त्याला सांग." असं तिचं बोलणं.

तिच्या फेरीतल्या शेवटच्या गल्लीत निळ्या फाटकाचं एक बैठं घर होतं. तिथे चष्मेवाला आणि त्याची बायको राहायची. चष्मेवाल्याचं मोठ्या रस्त्यावर दुकान. कपडे परीटघडीचे, बोलणं साखरेत घोळलेलं. अर्ध्या गावाच्या नाकावर त्याचेच चष्मे. बायको घरी बसून छापखान्याची मुद्रितं तपासायची. लोकांच्या लिहिण्यातल्या चुका काढणं हे तिचं पोटापाण्याचं काम. मीटरताई तिला वहिनी म्हणायची.

एकदा आमच्या खात्याने घरोघर नोटिसा वाटल्या. पुढच्या महिन्यात वहिनीने ती नोटीस लाल शाईने तपासून मीटरताईच्या हातात ठेवली. एका पानात चौदा चुका. "तुमच्या साहेबांना द्या," ती म्हणाली. "पाणी नाही दिलंत तरी चालेल, 'पुरवठा' तेवढा नीट लिहा." आम्ही ती नोटीस कचेरीच्या भिंतीला चिकटवली. साहेबांनी दोन तासांत फाडून काढली, पण पुढची नोटीस लिहिताना मला विचारलं, "पु ऱ्हस्व की दीर्घ गं?"

अशी ती वहिनी. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे तिच्याबद्दल हजारो लोक बोलले आणि हे कोणालाच माहीत नव्हतं.

एका महिन्यात वहिनीचा जबडा सुजलेला होता. दाढ दुखतेय म्हणाली. पुढच्या महिन्यात मनगटावर चार बोटांचे वळ होते, त्याबद्दल काहीच म्हणाली नाही. तिसऱ्या महिन्यात मीटरताई आकडा लिहून निघाली, तेव्हा वहिनी फाटकापर्यंत आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मीटरताई, तुम्ही दर पाच तारखेला येता ना? मी दारात दिसले नाही तर बेल वाजवत जा. एवढंच सांगायचं होतं."

मीटरताईने फेरी तिथेच सोडली आणि सरळ पोलीस चौकी गाठली.

टेबलामागे फौजदार बसले होते. तिने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही तिच्या कोण?"

"कोणी नाही. त्यांचा मीटर वाचते."

"मग मीटर वाचा."

बाकावरचे दोघे शिपाई हसले. मीटरताई हलली नाही. म्हणाली, "साहेब, निदान लिहून तरी घ्या. तारीख टाका, माझं नाव टाका. मी सही करते."

"बाई, नवरा-बायकोत कोणी पडू नये. आज भांडतात, उद्या एका ताटात जेवतात. आणि तक्रार करायचीच असेल तर तिला येऊ द्या. तिला पाय आहेत ना?"

त्यांनी लिहून घेतलं नाही. फोन मात्र केला, आणि तो चष्मेवाल्याला. दोघांची ओळख होती. 'तुमच्या घरच्या गोष्टी पाणीवाल्या बाईपर्यंत कशा जातात, जरा बघा,' असं मित्र म्हणून सांगितलं.

दोन दिवसांनी चष्मेवाल्याचा अर्ज आमच्या कचेरीत आला. खात्याची माणसं घरात डोकावतात, बायकांना नाही नाही ते शिकवतात. साहेबांनी मीटरताईला मेमो काढला. ग्राहकांच्या खाजगी बाबींत ढवळाढवळ केल्यास फेरी बदलण्यात येईल, पगारवाढ रोखण्यात येईल. तो मेमो मी टाइप केला. तिची सही घ्यायलाही मीच गेले.

तिने वाचला आणि मला विचारलं, "तू काय टाइप केलंस ते वाचलंस का?"

"अगं, माझं कामच आहे ते," मी म्हणाले.

ती सही करून निघून गेली. ते वाक्य मी परत घेऊ शकत नाही.

पुढच्या पाच तारखेला वहिनी दारात नव्हती. मीटरताईने बेल वाजवली. दार उघडलं नाही, खिडकीचा पडदा बाजूला झाला. वहिनी गजांमागून म्हणाली, "मीटरताई, आता पुन्हा चौकीवर जाऊ नका. त्यांनी घरी फोन केला होता." एवढंच बोलून पडदा ओढला. मीटरताई मला नंतर म्हणाली, "चिडली असती, दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती मलाच समजावत होती गं."

त्यानंतर दोन महिने खिडकीतूनच मान हलवणं. तिसऱ्या महिन्यात दाराला बाहेरून कुलूप.

आता मीटरबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. काचेखाली आकड्यांच्या शेजारी एक छोटं लाल चक्र असतं, चांदणीच्या आकाराचं. घरात कुठेही नळ चालू असला की ते फिरतं, बंद झाला की थांबतं. त्या घराचा मीटर फाटकाबाहेर, भिंतीतल्या पेटीत होता. मीटरताईने आधी बेल वाजवली. कोणी आलं नाही. मग झाकण उचललं, काच पुसली, तर चक्र भराभर फिरत होतं. दाराला बाहेरून कुलूप, आणि आत नळ चालू.

तिने हाक मारली, "वहिनी."

चक्र मंदावलं आणि थांबलं.

ती वीस मिनिटं फाटकाशी उभी होती. आतून काही आवाज नाही. शेजारची म्हातारी म्हणाली, दोघं बाहेरगावी गेलीत, ती बहिणीकडे आणि तो चष्म्यांच्या कुठल्याशा प्रदर्शनाला. मीटरताईच्या पिशवीत मेमो होता, कानात वहिनीचे शब्द होते. ती चौकीवर गेली नाही. आकड्यासमोर शेरा लिहिला, 'गळती असावी'. तिच्या हातचा तो शेरा मीच मशीनमध्ये भरला.

पुढे कोर्टात सिद्ध झालं की वहिनी त्याच्या तीन दिवस आधीच गेली होती. म्हणजे मीटरताई धावत चौकीवर गेली असती तरी ती वाचली नसती. लोक तिला हे समजुतीसाठी सांगतात. ती म्हणते, "मी त्या पाच तारखेचं बोलत नाहीये. मी त्याच्या चार महिने आधीचं बोलतेय."

पुढच्या पाच तारखेलाही कुलूप तसंच होतं. आकडा अकरा युनिटने पुढे गेला होता. त्याच आठवड्यात वहिनीची थोरली बहीण आमच्या कचेरीत आली. पन्नाशीची, शाळेत प्रयोगशाळा सांभाळणारी, काटक बाई. चष्मेवाला तिला फोनवर सांगत होता की तुझी बहीण मला सोडून कोणाबरोबर तरी गेली. थोरलीने आल्या आल्या विचारलं, "ती मला पत्रात मीटरताई म्हणून कोणाबद्दल लिहायची. त्या कोण?"

मी मीटरताईला बोलावलं. साहेब जेवायला गेले होते, तेवढ्यात त्या घराच्या दोन वर्षांच्या आकड्यांची प्रत काढून मी थोरलीच्या हातात दिली. कोणाला विचारलं नाही. फार मोठं काही केलं असं मी म्हणत नाही, आधी केलेल्याच्या मानाने ते काहीच नव्हतं.

दोघी चौकीवर गेल्या. तेच फौजदार. म्हणाले, "पाइप फुटला असेल."

मीटरताई म्हणाली, "फुटका पाइप हाक मारल्यावर थांबत नाही."

तरी पालथ्या घड्यावर पाणी. त्या संध्याकाळी मीटरताईने हे घरी वडिलांना सांगितलं. ते जन्मभर गवंडीकाम केलेले. ते ऐकून म्हणाले, "बंद घरात कोणी नवी जमीन घातलीय का बघा. काँक्रीट आठ-दहा दिवस भिजवावं लागतं, नाहीतर तडे जातात. काम माहीत नसलेला माणूस भीतीने गरजेपेक्षा जास्त भिजवतो." दुसऱ्या दिवशी दोघी बस पकडून पोलिसांच्या मोठ्या कचेरीत गेल्या आणि वरच्या अधिकाऱ्याची भेट मिळेपर्यंत तिथून उठल्या नाहीत. मग वरून हुकूम आला आणि फौजदार कुदळ-फावडं घेऊन त्या घरात शिरले. अडगळीच्या खोलीची जमीन नवी होती. पुढच्या दाराला कुलूप घालून चष्मेवाला मागच्या दाराने आत यायचा आणि ती भिजवायचा.

चष्मेवाल्याला जन्मठेप झाली. फौजदारांना पदक मिळालं.

कोर्टात मीटरताईची साक्ष अर्धा तास चालली. वकिलांनी चक्राबद्दल विचारलं, आकड्यांबद्दल विचारलं. ती पहिल्यांदा चौकीवर गेली होती त्याबद्दल कोणी विचारलं नाही. तिने स्वतःहून सांगायला तोंड उघडलं तर न्यायाधीश म्हणाले, विचारलं तेवढंच सांगा. तिथून तिचं हसणं गेलं. डब्याच्या वेळच्या नकलाही बंद झाल्या.

अशी सहा वर्षं गेली. मग तो कार्यक्रम आला.

खुनाच्या खऱ्या गोष्टी सांगणारा एक कार्यक्रम आहे. फोनवर ऐकायचाही आणि बघायचाही. एक मऊ आवाजाचा निवेदक दर आठवड्याला खून कसा झाला आणि खुनी कसा सापडला ते रंगवून सांगतो. बायका भाजी चिरताना ऐकतात, माणसं गाडी चालवताना ऐकतात. मीही ऐकायचे, खोटं कशाला बोलू? मीटरताईची मुलगी तर पक्की भक्त. कॉलेजला जाता-येता कानात तेच.

एक दिवस ती धावत घरी आली. "आई, आपली केस आलीय."

'आपली' हा शब्द मीटरताईला तिथेच लागला. पण ती ऐकायला बसली. पहिली पंधरा मिनिटं चष्मेवाल्याचं बालपण. त्याची हुशारी, त्याचं हसू, बायकांना त्याच्या डोळ्यांची कशी भुरळ पडायची. मग फौजदारांचा आवाज. ते आता निवृत्त झाले होते आणि ठिकठिकाणी व्याख्यानं देत होते. म्हणाले, "मला पहिल्या दिवसापासून संशय होता. मी विचार केला, माणूस खोटं बोलेल, पाणी बोलणार नाही. मी त्या मीटरकडे गेलो." मीटरताई होती, पण 'खात्याच्या एका कर्मचाऱ्याने आकडे पुरवले' एवढीच. वहिनी शेवटच्या पाच मिनिटांत आली. नाव, वय, आणि जमिनीखाली ती कोणत्या स्थितीत सापडली, ते सविस्तर.

मुलगी उत्साहाने म्हणाली, "खरं तर त्याने बाहेरून पाण्याचा टँकर मागवला असता ना, तर सापडलाच नसता."

मीटरताईने तिच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "त्या लाल शाईने लिहायच्या. अक्षर इतकं सुबक की चूक दाखवली तरी राग यायचा नाही. पावसात भिजून आलेली मांजर दिसली तर तिच्याशी बोलायच्या. हे आहे का तुझ्या त्या कार्यक्रमात?"

मुलीने फोनची कानातली बोंडं खणात टाकली.

पुढच्या आठवड्यापासून त्या गल्लीत माणसं येऊ लागली. निळं फाटक कोणतं, विचारत. त्या घरात आता दुसरंच एक निवृत्त जोडपं भाड्याने राहत होतं. त्यांच्या खिडकीत लोक कॅमेरे खुपसत. चष्मेवाल्याला तुरुंगात पत्रं येतात, त्यातली काही लग्नाची मागणी घालणारी, असंही कळलं. मीटरताई फेरीवर दिसली की घोळका जमायचा. "तुम्हीच का त्या? चक्र फिरताना पाहिलं तेव्हा काय वाटलं? वास येत होता का?" एका बाईने तर मीटरच्या पेटीशेजारी पोरांना उभं करून फोटो काढला आणि मीटरताईला म्हणाली, "जरा बोट दाखवून उभ्या राहा ना, छान येईल."

मीटरताई म्हणाली, "माझ्या आईचं मढं पडेल ना, तेव्हा या. तेव्हाही बोट दाखवून उभी राहते."

बाईला फार वाईट वाटलं. तिने खात्याकडे तक्रार केली.

आणि मग एके सकाळी मीटरच गायब. कोणीतरी दोन्ही बाजूंचे जोड सफाईने सोडवून, पाइपला फडकं गुंडाळून मीटर नेला होता. आठवण म्हणून घरी ठेवायला नेला असणार. गल्लीत गुडघाभर पाणी. खात्याच्या नियमाप्रमाणे मीटर चोरीला गेला की ज्याची फेरी त्याने चौकीवर तक्रार नोंदवायची. म्हणजे मीटरताईनेच जायचं. मी म्हटलं, मी येते बरोबर.

तीच चौकी, तेच टेबल. मागे नवे फौजदार, तरुण, सभ्य. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या. मीटरचा नंबर, कंपनीचा मार्का, शेवटचा आकडा, चोरीची अंदाजे वेळ, सगळं लिहून घेतलं, वाचून दाखवलं, शिक्का मारला आणि प्रत हातात दिली. वर म्हणाले, "काळजी करू नका बाई, खात्याच्या मालमत्तेचा प्रश्न आहे, आम्ही छडा लावतो." सगळं मिळून दहा मिनिटं लागली.

मीटरताई बाहेर आली आणि पायरीवर बसली. म्हणाली, "बघितलंस? पितळेच्या डबीला दहा मिनिटं. जिवंत बाईला एक ओळ नाही." मी तिच्या शेजारी बसले.

त्याच सुमाराला कार्यक्रमवाल्यांनी नाट्यगृहात प्रेक्षकांसमोर एक विशेष भाग ठरवला. फौजदार, निवेदक आणि 'मीटर वाचणारी बाई', तिघं रंगमंचावर. तिने दोनदा नकार दिला. तिसऱ्यांदा मुलगीच म्हणाली, "आई, जा. तू नाही सांगितलंस तर ते सांगतील तेच खरं होईल." मुलीची कानातली बोंडं अजून खणातच होती. आईशी काय बोलावं कळत नव्हतं तिला, पण आईबरोबर यायला तयार होती. थोरलीनेही फोनवर सांगितलं, "जा. मी पहिल्या रांगेत बसते."

नाट्यगृह खचाखच भरलेलं. लोक खाद्यपदार्थांचे पुडे घेऊन बसलेले. पडद्यावर चष्मेवाल्याचा हसरा फोटो, भिंतीएवढा. वहिनीचा कोपऱ्यात, ओळखपत्रावरचा. मीटरताई घरच्याच साध्या कपड्यांत, मांडीवर तीच पिशवी. फौजदार कोटात, छातीवर पदक.

फौजदारांनी त्यांची गोष्ट सांगितली. टाळ्या झाल्या. मग निवेदक मीटरताईकडे वळला आणि आवाज आणखी मऊ करून म्हणाला, "ताई, आम्हाला त्या क्षणात घेऊन चला. दाराला कुलूप. तुम्ही झाकण उचलता. चक्र फिरतंय. काय वाटलं तुम्हाला?"

"ते नंतर सांगते," मीटरताई म्हणाली. "त्याच्या चार महिने आधीचं आधी सांगते."

आणि तिने सांगितलं. जबडा, मनगट, बेल वाजवा म्हणणं. चौकीत ती कुठे उभी होती, शिपाई कुठे बसले होते, कोण काय म्हणालं. आवाज चढवला नाही. बिलाची चौकशी करणाऱ्याला सांगावं तसं एकेक सांगितलं. "मी म्हटलं, लिहून घ्या. हे म्हणाले, मग मीटर वाचा. मी बाहेर पडल्यावर यांनी त्याला फोन केला."

सभागृहात पुड्यांचा आवाज थांबला. निवेदक हसून म्हणाला, "फार महत्त्वाचा मुद्दा आहे ताई, पण आपण जर तपासाकडे वळलो—"

"हा तपासच आहे," ती म्हणाली.

फौजदार खाकरले. "बाई, तुमच्या भावना मी समजतो. पण तेव्हा कोणताही गुन्हा घडलेला नव्हता."

"घडला होता. जबडा सुजला होता. खून झाला तरच गुन्हा म्हणायचं का?"

"मला असा काही प्रसंग आठवत नाही."

"मला आठवतो. तुमच्या डोळ्यांवर त्याच्या दुकानातला नवा चष्मा होता. काड्या सोनेरी. बोलताना तुम्ही तो काढून पुसत होता." मग तिने पिशवीतून मीटरच्या चोरीच्या तक्रारीची प्रत काढली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली, नंबर, मार्का, शिक्क्यासकट. "हा कागद मिळायला दहा मिनिटं लागली," ती लोकांना म्हणाली. "तुम्ही पैसे भरून विचारायला आलात की खुनी कसा सापडला. तो आधीच सापडलेला होता. घरी होता, दुकानात होता, त्याचा पत्ता मी स्वतः जाऊन सांगितला होता. तुम्हाला ती मेल्यावर ती हवी झाली. मेल्या म्हशीला मणभर दूध."

मागून एक माणूस उठला आणि म्हणाला, "पण तो आता तुरुंगात कसा वागतो, ते जरा सांगाल का?" त्याने खरंच विचारलं. त्याच्या आसपासच्या चार जणांनी त्याला खाली बसवलं, पण हसणारेही होते.

थोरली पहिल्या रांगेतून उठली आणि सरळ रंगमंचावर गेली. तिने मीटरताईची पिशवी उचलली, तिचा दंड धरला, आणि दोघी मधल्या वाटेने बाहेर आल्या. मुलगी आणि मी मागे. टाळ्या वाजल्या नाहीत. काही लोक आमच्याबरोबर उठून बाहेर पडले, फार नाही, वीस-पंचवीस असतील. उरलेले पुढचा भाग बघायला बसून राहिले.

तो भाग दाखवला तेव्हा त्यात मीटरताई अठरा सेकंद होती. "चक्र फिरतंय" असं निवेदक म्हणतो आणि तिचा चेहरा दिसतो. मागे संगीत.

थोरलीने रीतसर अर्ज केला की माझ्या बहिणीच्या मृत्यूआधी चार महिने आलेल्या तोंडी तक्रारीची चौकशी करा. पाच महिन्यांनी उत्तर आलं, 'अशी कोणतीही नोंद आढळत नाही'. मीटरताई म्हणाली, "बरोबरच आहे. तेच तर मी सांगतेय." फौजदारांची दोन व्याख्यानं रद्द झाली असं ऐकलं. बाकीची चालू आहेत.

पण नाट्यगृहात कोणीतरी फोनवर थोडं चित्रण करून घेतलं होतं. तिने "लिहून घ्या" म्हटलं तिथपासून "फोन केला" पर्यंतचं. ते हळूहळू इकडून तिकडे फिरलं. मीटरताईला त्याचा पत्ताही नव्हता. तिला एवढंच कळत होतं की फेरीवर लोक तिच्याकडे पुन्हा टक लावून बघायला लागलेत, आणि त्याने तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका दुपारी दुसऱ्याच मोहल्ल्यात, तीन मजली इमारतीच्या जिन्याखाली ती मीटर वाचत होती. पहिल्या मजल्यावरची एक बाई खाली आली. तिशीतली, कडेवर झोपलेली मुलगी. म्हणाली, "त्या तुम्हीच ना?"

मीटरताईने मान वर केली नाही. "हो, मीच. चक्र फिरत होतं, वास येत नव्हता, आणि फोटो मी काढू देत नाही."

"फोटो नको," बाई म्हणाली. "तुम्ही चौकीवर गेलात तेव्हा त्यांनी त्यालाच फोन केला, असं तुम्ही सांगितलंत. ते ऐकलं मी. तिकडे नाही जायचं, तर मग मी कुठे जाऊ?"

मीटरताईने टॉर्च तिच्या चेहऱ्याकडे नेला आणि लगेच खाली केला. विचारलं, "तो घरी कधी येतो?"

"सहाला."

तेव्हा तीन वाजले होते. मीटरताईने तिथूनच थोरलीला फोन लावला. मग मला लावला आणि म्हणाली, "आजची फेरी पुरी होणार नाही. साहेबांना काय सांगायचं ते सांग." आवाजात तोच राग होता, पण तिला घाई होती. मी साहेबांना सांगितलं की ती आजारी पडून घरी गेली. माझ्या नोकरीतलं ते एक खोटं मला कधी बोचलं नाही.

मीटरताईने आणि त्या बाईने मिळून एक पिशवी भरली, मुलीचे बूट शोधायला जरा वेळ लागला, आणि साडेचारच्या बसने त्या थोरलीच्या शहरात गेल्या. थोरलीच्या ओळखीची एक वकीलबाई होती. तिने दुसऱ्या दिवशी तक्रार आपल्या हाताने लिहिली, दोन प्रती काढल्या, आणि मोठ्या कचेरीत शिक्का मिळेपर्यंत खुर्चीवरून हलली नाही.

ती बाई आणि मुलगी थोरलीकडे सतरा दिवस राहिल्या. पुढे कुठे गेल्या ते मला माहीत नाही. मी मीटरताईला विचारलं होतं. डबा खात होतो आम्ही. त्याने काय केलं, तिने काय सांगितलं, मुलगी कशी आहे, असं मी एकामागून एक विचारत होते.

तिने घास खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला कशाला हवंय?"